विज्ञान मेळ्यासाठी ३० किलोमीटर उंच फुगा सोडायचाय : सोलापूरकर आणि जाणकार, बोला!

माळरान
११ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

आम्ही आठ-दहा जण मिळून सोलापुरात दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास एक छोटा विज्ञान मेळा भरवतो. तीन शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय, काही हौशी पालक आणि मंडप फुकट देणारा एक भला माणूस, एवढंच आमचं भांडवल. दरवर्षी तेच ते असतं: सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, पाण्यावर उडणारं रॉकेट, लिंबाच्या रसातलं गुप्त पत्र. गेल्या खेपेला सातवीतला एक पोरगा म्हणाला, "सर, खरंच वर काही पाठवता येत नाही का?" मी म्हणालो, बघू. आता तो आठवीत गेलाय आणि दर सोमवारी प्रार्थना संपली की विचारतो, "बघितलं का?"

तर बघायचं ठरवलंय. हवामान खातं सोडतं तसला रबरी फुगा घ्यायचा. त्याखाली पॅराशूट आणि त्याखाली थर्मोकोलची पेटी. पेटीत कॅमेरा, तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर, जीपीएस. फुगा वर वर जातो, बाहेरची हवा विरळ होते तसा फुगत राहतो, ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो आणि पेटी पॅराशूटनं खाली येते. नववी-दहावीची चौदा मुलं-मुली तयार आहेत.

माझं ढोबळ गणित सांगतो, चूक असेल तर कान धरा. पेटी १ किलो, फुगा १ किलो, पॅराशूट-दोरी मिळून ३०० ग्रॅम. वर जायला ओढ हवी म्हणून आणखी १ किलो. एकूण ३.३ किलो उचलायचं. सोलापूरच्या उंचीवर एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलतो, म्हणजे साडेतीन घनमीटर लागेल. मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर असतो. एकात काम भागावं.

बेत असा आहे की मेळ्याच्या दिवशी सकाळी ११ वाजता होम मैदानावर, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते फुगा सोडायचा. खाली सोलापुरी चादर अंथरून त्यावर फुगा भरायचा, फोटोही छान येतील. परवानगी कोणाकडून घ्यायची, हेलियम कुठून आणायचा आणि पडलेली पेटी शोधायची कशी, हे तीन प्रश्न आहेत.

कडक भाकरी
११ ऑगस्ट, रात्री ११:०५

रुमाल टाकून बसलालो सर. गड्ड्याच्या जत्रेतला फुगेवाला चालत नाही का बे? ओळखीचा हाय.

चिमणी
१२ ऑगस्ट, सकाळी ७:५०

सर, होम मैदान विसरा. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झालीत. २०२३ साली साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी विमानांना आडवी येते म्हणून पाडली, त्यावरून शहरात किती रण माजलं ते सगळ्यांनी बघितलंय. (माझं नाव तिच्यावरूनच आहे.) त्याच शहराच्या मधोमध तुम्ही ३० किलोमीटर जाणारी वस्तू सोडणार, तीही पाहुण्यांच्या वेळेप्रमाणे?

चार किलोच्या आतलं ओझं असलेला फुगा आंतरराष्ट्रीय नियमात 'हलका' समजतात हे खरं. पण हलका म्हणजे बिनपरवाना नव्हे. डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं महासंचालनालय), विमानतळ प्राधिकरणाचा हवाई वाहतूक नियंत्रण विभाग, जिल्हाधिकारी आणि पोलिस, एवढ्या दारांशी जावं लागेल. वैमानिकांना आधी सूचना जाते, त्याला नोटॅम म्हणतात. अर्ज आजच करा. फेब्रुवारी तुम्हाला लांब वाटतोय, पण नाहीये.

निवृत्त निरीक्षक
१२ ऑगस्ट, दुपारी ३:१५

माळरान सर, हवामान खात्यात बत्तीस वर्षं मी हेच केलं. रोज पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचचे वेध. जगभरातली केंद्रं एकाच घटकेला फुगे सोडतात, ग्रिनिचच्या शून्य आणि बारा वाजता. म्हणून आपल्याकडे वेळ अशी अर्ध्या तासावर येते.

तुमचं गणित बरोबर आहे. बेतात तीन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे ११ वाजताची वेळ. फेब्रुवारीत सोलापूरची जमीन दहालाच तापते आणि झोत उठायला लागतात. साडेतीन घनमीटरचा फुगा म्हणजे जवळजवळ दोन मीटर व्यास. वाऱ्याची एक झुळूक आली की तो आडवा होऊन जमिनीला घासतो. सूर्योदयानंतरचा पाऊण तास हवा सगळ्यात स्थिर असते. पाहुणे तेव्हा झोपलेले असतात, ही तुमची अडचण झाली, फुग्याची नव्हे.

दुसरी, चादर. सोलापुरी चादरीबद्दल मला अभिमान आहे, माझ्या अंगावर आत्ता तीच आहे. पण तिची वीण खरखरीत असते. हे रबर फुटायच्या वेळी कागदाहून पातळ झालेलं असतं. खाली घासून एक ओरखडा पडला की ३० च्या ऐवजी २० किलोमीटरवर फुटेल. जुनं, शंभर वेळा धुतलेलं धोतर किंवा सुती साडी अंथरा. हातात सुती मोजे घाला, अंगठ्या-बांगड्या काढा, नखं कापा.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण स्वस्त पडतो म्हणून कुणीतरी सुचवेलच: हायड्रोजन. मी आयुष्यभर हायड्रोजनच भरला. म्हणूनच सांगतो, मुलांजवळ आणू नका. त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. आपल्या कोरड्या हवेत टेरिकॉटच्या शर्टाला हात लावला तरी चटका बसतो, तेवढी ठिणगी त्याला पुरते.

आता वाऱ्याबद्दल. फेब्रुवारीत आपल्या डोक्यावर १० ते १४ किलोमीटरच्या पट्ट्यात जोरदार पश्चिमी वारे असतात. तिथून फुगा पूर्वेला पळतो. सोलापुरातून सोडलात तर पेटी कर्नाटकात आत कुठेतरी शोधत फिराल. पश्चिमेला जाऊन सोडा, मंगळवेढ्याकडून वगैरे. पावसाळ्यात उलटं असतं, वर पूर्वेकडून वारे येतात.

माळरान
१२ ऑगस्ट, रात्री ९:३०

काका, साष्टांग नमस्कार. चादर रद्द. आईचं जुनं धोतर-पातळ बघतो.

पण पाहुण्यांचं काय करू? मंडप, खुर्च्या, वर्तमानपत्रातला फोटो हे सगळं त्या एका क्षणावर उभं आहे. फुगा सुटताना लोकांनी बघितला नाही तर मेळ्यात दाखवायचं काय?

स्पष्टवक्ता
१३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

राग मानू नका, पण असले प्रकल्प मी पुण्यात बघितलेत. पेटी तयार आणलेली, प्रोग्रॅम कुणाच्या तरी इंजिनिअर बाबांनी लिहिलेला, भरणं-सोडणं मोठ्यांनी, आणि मुलं टी-शर्ट घालून टाळ्या वाजवायला. शेवटी काळ्या आकाशाचा एक फोटो. तसले फोटो आंतरजालावर पोत्यानं आहेत. चौदा मुलं नक्की काय करणार ते आधी लिहा. मग परवानगी बघू.

माळरान
१३ ऑगस्ट, रात्री १०:१०

राग आला. दोन तासांनी गेला. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे आज उत्तर नाही. मुलांनाच विचारतो.

खरखर
१५ ऑगस्ट, दुपारी १२:४५

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली आहे, व्हीयू ३ वाला परवाना आहे आणि मैत्रिणी मला खरंच 'खरखर' म्हणतात. रेडिओचं माझ्याकडे लागलं.

पेटीत मोबाइल टाकून लोकेशन बघायचा विचार असेल तर सोडून द्या. टॉवरचे अँटेना जमिनीकडे रोख धरून असतात, वर काही मिळत नाही. लोरा वापरू, म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. वरून अडथळा नसल्यामुळे चिमूटभर शक्तीचा संदेशही शंभर किलोमीटर सहज येतो. ३० किलोमीटरवरून क्षितिज सहाशे किलोमीटर लांब असतं. गंमत म्हणजे अडचण खाली येताना होते. शेवटच्या काहीशे मीटरमध्ये झाडं, टेकाडं, ऊस आडवा येतो आणि आवाज बंद. म्हणून मुलांच्या दोन तुकड्या अँटेना घेऊन गाड्यांत हव्यात.

आणि जीपीएस! साधं मॉड्यूल तसंच लावलं तर १२ किलोमीटरवर गप्प होईल. त्याला 'हवाई' मोडमध्ये टाकायची आज्ञा द्यावी लागते, आणि वीज गेली की ते विसरतं, म्हणून दर वेळी सुरू होतानाच द्यायची. काही मॉड्यूल १८ किलोमीटरच्या वर मुद्दाम बंद पडतात. क्षेपणास्त्रात वापरू नये म्हणून घातलेल्या जुन्या मर्यादेचं हे शेपूट आहे. विकत घेण्याआधी माहितीपत्रक वाचा.

पेठेतला सोल्डर
१५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

माहितीपत्रकावरून आठवलं. सर, सेन्सर कुठले घेताय? शाळेच्या किटमध्ये येतो तो डीएस१८बी२० उणे ५५ पर्यंतच मोजतो. आपल्या अक्षांशावर १६-१७ किलोमीटरला उणे ७५, कधी ८० असतं. बरोबर जिथं मजा आहे तिथंच तो हात वर करेल. दाबाचा बीएमपी२८० तर ३०० हेक्टोपास्कलपर्यंतच, म्हणजे ९ किलोमीटर. एमएस५६११ घ्या, तो १० हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो. ३० किलोमीटरवर दाब साधारण १२ असतो, म्हणजे सोलापुरातल्या दाबाचा ऐंशीवा हिस्सा.

साधे अल्कलाइन सेल थंडीत मरतात. लिथियमचे घ्या, उणे ४० पर्यंत टिकतात.

गड्डा यात्री
१८ ऑगस्ट, सकाळी ९:१५

आज १८ ऑगस्ट, हेलियम दिन! १८६८ च्या याच दिवशी ग्रहणात आपल्या विजयदुर्गावरून लॉकियर साहेबानं हेलियम शोधला. फुग्यात हेलियमच भरा, अस्सल मराठी वायू आहे.

निवृत्त निरीक्षक
१८ ऑगस्ट, सकाळी १०:४०

ही गोष्ट गोड आहे, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता. त्यानं ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच टिपली. ग्रहण बघायला फ्रान्सचा जॅन्सेन गुंटूरला होता. सोलापूरकरांना जवळचं नाव हवं तर जमखंडीला इंग्रजांची एक तुकडी दुर्बिणी लावून बसली होती. आणि वायू मराठी असो नसो, आज भारतात येणारा जवळजवळ सगळा हेलियम आयात होतो. म्हणून महाग. अवांतर संपलं.

माळरान
२१ सप्टेंबर, रात्री ९:५०

बरेच दिवस गायब होतो. स्पष्टवक्ता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी दिलं, माझं त्यात काही नाही.

त्यांनी कामं वाटून घेतली. पॅराशूटवाली तुकडी आकडेमोड करून आली: १.२ किलो ओझं सेकंदाला ५ मीटर वेगानं उतरवायचं तर सव्वा मीटर व्यासाचं पॅराशूट लागतं. पाच मीटर म्हणजे छातीच्या उंचीवरून हातातली वस्तू निसटली तर जेवढ्या जोरात आपटेल तेवढंच. एका मुलीची आई गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जाते. तिनं छत्रीच्या भगव्या कापडाच्या आठ पाकळ्या दुहेरी टिपेनं शिवून दिल्या आणि वर विचारलं, "काज-बटण करू का?" आम्ही मधोमध हवा जायला भोक ठेवायला विसरलो होतो. पाण्याच्या टाकीवरून पहिल्यांदा सोडलं तर पॅराशूट घड्याळाच्या लंबकासारखं हेलकावे खात पेटी भिंतीवर आपटून आलं. भोक पाडून दुसऱ्यांदा सोडलं, सरळ उतरलं. तिसऱ्यांदा आत अंडं ठेवलं. अंडं वाचलं, नंतर एकानं खाल्लं.

थंडीवाल्या तुकडीनं ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या शीतपेटीत आमची पेटी तीन तास ठेवली. तिथं उणे २० च मिळतं, पण साधे सेल पन्नास मिनिटांत मान टाकतात हे त्यांनी स्वतः बघितलं. पेठेतल्या सोल्डरकाकांवर तेव्हा कुठे विश्वास बसला.

आणि काका, पाहुण्यांच्या हस्ते सोडणं रद्द. हे समितीत बोललो तेव्हा तासभर वाद झाला. शेवटी त्या आठवीतल्या पोरानं सोडवला: "सर, फुगा आधीच्या रविवारी सोडू. मेळ्यात पेटी ठेवू. सापडली तर." त्याच्या 'सापडली तर' वर सगळे हसले आणि विषय मिटला.

परवानगीचे अर्ज गेलेत. एका कार्यालयात "फुग्याला कसली परवानगी?" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्याच टेबलावर "एवढ्या मोठ्या गोष्टीला इथून परवानगी नसते." तिसऱ्या खेपेला मी दोन मुलींना घेऊन गेलो. त्यांनी पेटी उघडून दाखवली, तेव्हा साहेबांनी चहा मागवला. कागद अजून यायचाय.

पोलिस पाटलाची लेक
२२ सप्टेंबर, दुपारी २:२०

सर, पेटीवर चिठ्ठी लावणार असाल तर एक सांगते. 'हा बॉम्ब नाही' असं चुकूनही लिहू नका. लोक फक्त 'बॉम्ब' वाचतात. आमच्या गावात शेतात एकदा असलंच काहीतरी पडलं होतं, हवामानवाल्यांचं असावं. माणसं दिवसभर शेताच्या कडेला उभी, जवळ कोणी जाईना. आत लुकलुकणारा लाल दिवा असेल तर तोही काढा, वायरी बाहेर दिसू देऊ नका.

साधं लिहा: 'हे शाळेतल्या मुलांचं हवामान मोजायचं यंत्र आहे. सापडलं तर या नंबरावर फोन करा, बक्षीस देऊ.' पूर्वेला जाणार म्हणजे मराठी पुरणार नाही. कन्नड हवंच. तेलुगू आणि उर्दूही घाला.

माळरान
२२ सप्टेंबर, रात्री ८:४०

ताई, आम्ही खरंच मोठ्या लाल अक्षरांत 'घाबरू नका, बॉम्ब नाही' असं लिहून ठेवलं होतं! फाडलं.

भाषांची चिंता नाही. सोलापूर आहे हे. वर्गात विचारलं तर कन्नडवाले चार, तेलुगूवाले पाच, उर्दूवाल्या दोघी हात वर करून उभ्या. अक्षरावरून भांडण झालं तेवढंच.

चिमणी
२३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादचं बलून केंद्र हेच करतं. त्यांचे प्लास्टिकचे फुगे ५० ते ८५ मीटर व्यासाचे असतात, ३० ते ४२ किलोमीटर जातात आणि यंत्रं विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर कुठेही उतरतात. उड्डाणाआधी ते जिल्ह्याजिल्ह्यांत कळवतात की सापडलं तर उघडू नका, पोलिसांना सांगा, बक्षीस मिळेल. म्हणजे आपला जिल्हा त्या नकाशावर आधीपासून आहे. अर्जात हे लिहा, साहेबांना बरं वाटेल.

मुलांना हेही सांगा की जयंत नारळीकरांनी याच केंद्रातून २००१ आणि २००५ मध्ये फुगे पाठवून वरच्या हवेचे नमुने आणले होते. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं.

स्पष्टवक्ता
२३ सप्टेंबर, सकाळी १०:३०

अंड्याचा प्रयोग आवडला. शब्द मागे घेतो. हेलियमच्या सिलिंडरची अनामत माझ्याकडून.

माळरान
२६ जानेवारी, रात्री ९:१५

कागद आला! सूर्योदयानंतरची वेळ मिळाली. उड्डाणाआधी आणि फुगा सुटताच हवाई वाहतूक नियंत्रणाला फोन करायचा, अशी अट आहे.

महिनाभर मुलं रोज संध्याकाळी सोंडहबच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवसाचा अंदाज काढताहेत. कुठून सोडलं तर वाऱ्यानुसार पेटी कुठे पडेल ते तिथं कळतं. वर्गाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावलाय, रोज एक टाचणी. पहिल्या आठवड्यात विखुरलेल्या दिसत होत्या. आता तीस टाचण्यांचा पट्टाच दिसतो, मंगळवेढ्यापासून पूर्वेला सरळ अक्कलकोटच्या अंगावर. एक थेट कुरनूर धरणात आहे, सहा सीमेपलीकडे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात एकही नाही, त्यामुळे वनखात्याचं दार वाचलं. ही भिंत मला त्या फोटोहून जास्त आवडायला लागलीय. वर वारं असतं हे मुलांना पुस्तकातून माहीत होतं. आता त्याची दिशा त्यांना पाठ आहे.

कडक भाकरी
२७ जानेवारी, सकाळी ७:३०

धरणात पडली तर मी पोहत जालालो सर. फक्त नंतर हुरडा पाहिजे.

माळरान
फेब्रुवारीतला तिसरा रविवार, रात्री ११:५०

सोडला. थकलोय, पण आज नाही लिहिलं तर उद्या खोटं लिहीन.

मंगळवेढ्याच्या अलीकडे एका शाळेचं मैदान, सगळीकडे उभी ज्वारी. पहाटे पाचला पोचलो. आईचं पातळ अंथरलं. निरीक्षक काका स्वतः आले होते, काठी टेकत. त्यांनी फुग्याचं तोंड दोन मुलांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वासराला धरतात तसं धरा." हेलियम सुटला तेव्हा फुस्स असा आवाज, आणि ते पांढरं, पिठासारखी पूड लागलेलं रबर आधी लोळत राहिलं, मग एका बाजूनं उठलं, मग एकदम उभं राहिलं. सामान तोलायचा ताणकाटा दोरीला लावून ओढ मोजली: पेटी उचलून वर एक किलो हवी होती, एक किलो शंभर भरली. थोडा काढून टाकू म्हटलं तर काका म्हणाले राहू दे. तोंड सुतळीनं बांधलं, दुमडलं, परत बांधलं.

७:२० ला सोडला. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. कोणी बोललंच नाही. सहा मिनिटांत ठिपका, मग काही नाही. त्या पोराला विचारलं, काय वाटलं? म्हणाला, "सर, गाडीत बसा ना."

खरखर ताईंच्या अँटेनावर आकडे येत राहिले. १६.९ किलोमीटरला उणे ७४, आणि त्यानंतर तापमान वाढायला लागलं. पुस्तकात वाचलेला तो वळणबिंदू गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये प्रत्यक्ष आला, तेव्हा पुस्तकात खरं लिहितात याचंच मुलांना आश्चर्य. ८:५७ ला २९.२ किलोमीटरवर फुटला. जमिनीपासून ७०० मीटरवर असताना शेवटचा संदेश, मग खरखर.

चूक झाली ती कॅमेऱ्याची. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या राहिल्या. ६ किलोमीटरपासून काचेवर बाष्प धरलं आणि २० पर्यंतचा सगळा प्रवास दुधात बुडाल्यासारखा. यादीत पुड्या होत्या, यादी माझ्या खिशात होती. मुलांची चूक नाही, माझी. वरचे मात्र स्वच्छ आहेत: काळं आकाश, निळी कड, आणि खाली डाव्या कोपऱ्यात चिंधीसारखी चमकणारी उजनी.

दहा वाजता आम्ही अक्कलकोटच्या पुढे रस्त्यात उभे, पुढे कुठं जायचं कळेना. तेवढ्यात चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन. पलीकडून बाईमाणूस: "निम्म डब्बी नम्म होलदाग बिद्दैति." मी नुसता हॅलो हॅलो. आमच्या एका मुलीनं फोन हिसकावून घेतला आणि दहा मिनिटं बोलत बसली. तुमची पेटी आमच्या शेतात पडलीय, एवढंच वाक्य होतं. बाकीची नऊ मिनिटं, तू कोणाची, आजोळ कुठलं, चाललं होतं.

आळंद तालुक्यातलं शेत, सोडलं तिथून सरळ रेषेत नव्वद किलोमीटरवर. पेटी कडब्याच्या गंजीवर ठेवलेली, जवळ पाण्याचा तांब्या, जणू पाहुणाच. एका आजोबांनी विचारलं, यानं पाऊस पडतो का? प्रश्न आमच्या पट्ट्यात साहजिक आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले, विमानं घिरट्या घालताना लोकांनी बघितलीत. त्यांच्या अभ्यासात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आम्ही सांगितलं, आजोबा, आमचं यंत्र नुसतं बघून येतं. ते म्हणाले, मग परत पाठवा आणि नीट बघायला सांगा.

निवृत्त निरीक्षक
सोमवार, सकाळी ६:१०

२० किलोमीटरच्या वर तुमचं तापमान जरा जास्तच भराभर वाढलेलं दिसतंय. हवा विरळ झाली की सेन्सर उन्हानं तापतो, त्याला वारा घालायला कोणी नसतं. थोडी वाढ खरी, थोडी उन्हाची. त्याच सकाळचे हैदराबादचे साडेपाचचे वेध मिळवा, ते उजाडण्याआधीचे असतात. मुलांना दोन्ही आलेख एकावर एक काढायला सांगा. मेळ्यात तो तक्ता लावा, फोटोशेजारी.

माळरान
सोमवार, दुपारी १:३०

काका, आजच बसवतो. पेटी, भिंतीवरचा नकाशा टाचण्यांसकट, आणि हा तक्ता.

कडक भाकरी
सोमवार, दुपारी १:४५

आणि ते भगवं पॅराशूट? ते बी मांडा की मधोमध, लांबनं दिसंल.

माळरान
सोमवार, दुपारी २:०५

पॅराशूट तिकडेच राहिलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या बाईंनी अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांवर ते पसरलं होतं. मधल्या भोकाला वर वाटी उपडी घातलेली. "चिमण्या येत नाहीत," म्हणाल्या. मागायला जीभ उचलली नाही. दुसरं शिवायला टाकलंय.